तेरा लुगडी, चार गोधड्या

या गोष्टीतलं घर काल्पनिक, नमुन्यादाखल उभं केलं आहे. मापं, हिशेब आणि चुका मात्र अशा घरांत होतात तशाच ठेवल्या आहेत.

सातारा जिल्ह्यातलं खेडं. ८१ वर्षांची आजी माघात गेली. आजोबा जाऊन अकरा वर्षं झालेली. मागे दोन मुलगे, दोन मुली. थोरला गावी शेती बघतो, धाकटा ठाण्याला. थोरली मुलगी पुण्यात, धाकटी सांगलीला. शेवटची सहा वर्षं आजीचं अंघोळपाणी, औषधं, रात्रीचं उठवणं-बसवणं थोरल्या सुनेनं केलं. पुण्याच्या मुलीची मुलगी, म्हणजे आजीची थोरली नात, तेव्हा चौथ्या महिन्यात होती.

वाद झाला तो जमिनीवरून नाही. पत्र्याच्या एका ट्रंकेवरून झाला.

ट्रंकेत १५ सुती नऊवारी लुगडी होती, त्यातली पाच इरकली. सहा नायलॉन-पॉलिस्टरची पातळं, लग्नकार्यात आहेर म्हणून आलेली, जवळजवळ न नेसलेली. एक पैठणी, एक नारायणपेठ. आजोबांची तीन पाचवारी धोतरं. खणाच्या नऊ चोळ्या. तळाशी डांबरगोळ्या. ट्रंकेबाहेर आणखी एक लुगडं होतं, खुंटीवर, शेवटच्या आठवड्यात नेसलेलं आणि न धुतलेलं. ते कुणी मोजलंच नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त बोलणं त्याच्यावरूनच झालं.

पहिली चूक वेळेची. ट्रंक उघडली ती तेरावं उरकल्यावर चौदाव्या दिवशी, संध्याकाळची एसटी गाठायच्या घाईत. अशा दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं, झोप कुणाचीच झालेली नसते, आणि ज्या बाईला प्रत्येक लुगड्याचा इतिहास माहीत असतो ती चुलीपाशी असते. इथेही तसंच झालं. चौघं भावंडं ट्रंकेभोवती बसली आणि वहिनी पाहुण्यांचा चहा गाळत होत्या. पैठणी कुणाची यावर पुण्याच्या मुलीनं चिठ्ठ्या टाकायचं सुचवलं. धाकट्यानं सगळंच एखाद्या संस्थेला देऊन टाकू म्हटलं. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हतं. एकीला भांडण टाळायचं होतं, दुसऱ्याला रडणं. पण आतून वहिनींनी ऐकलं ते एवढंच की आपल्याला कुणी विचारलं नाही.

इथे कायद्याचा एक मुद्दा कामाचा आहे. बाई मृत्युपत्र न करता गेली तर हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे तिची मालमत्ता आधी मुलगे, मुली आणि हयात असेल तर नवरा यांच्याकडे समान वाट्यानं जाते. आधी गेलेल्या मुला-मुलीच्या वाट्याला त्यांची मुलं येतात. सुनेला सून म्हणून वाटा नाही. म्हणजे सोन्याच्या वाटणीत, जिनं सहा वर्षं केलं तिचं नाव कागदावर कुठेच येत नाही. कापडाला मात्र कुणी कोर्टात नेत नाही. तिथे घराला हवा तसा न्याय करता येतो, आणि म्हणूनच सोनं आणि साड्या एकाच बैठकीत काढू नयेत. सोन्याचा हिशेब आधी कागदावर, चौघांच्या सह्यांनी, वेगळ्या दिवशी. साड्यांच्या दिवशी तोळ्याचा विषय निघाला की प्रत्येक साडीचा भाव व्हायला लागतो.

त्या संध्याकाळी काहीच ठरलं नाही. धाकट्यानं जाताना दोन लुगडी पिशवीत घातली, "आईची गोधडी करून घेतो" म्हणून. शहरातल्या एका दुकानात त्यानं ती दिली. दुकानानं मधे पॉलिस्टरचा कापूस भरून, चार-चार इंचांवर यंत्राची शिवण मारून, भडक पट्टी लावून ती परत दिली. दिसायला फुगीर, छान. दोन धुण्यांत आतला कापूस सरकून गोळे झाले, कारण शिवणीच्या ओळी लांब लांब होत्या आणि त्याला धरून ठेवणारं मधे काही नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे शिवणीच्या कडेनं लुगडं फाटू लागलं. चाळीस वर्षं नेसलेलं सूत आणि नवाकोरा पॉलिस्टरचा दोरा. ताण आला की दोरा तुटत नाही, कापड तुटतं. जुन्याला दोरा नेहमी कापडाहून कमजोर हवा. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो.

म्हणून उरली तेरा.

दुसरी बैठक चैत्राच्या शेवटी झाली आणि ती थोरल्या मुलानं नीट बसवली. बाहेरचं कुणी नाही, दोन दिवस मुक्काम, आणि सुरुवात वहिनींपासून. "वहिनी, कुठलं कधीचं ते तुम्ही सांगा," असं सांगलीची नणंद म्हणाली आणि तिथून पुढे काम सुरळीत झालं. वहिनींनी एकेक घडी उलगडून सांगितलं: हे थोरल्याच्या बारशाचं, हे पंढरपूरहून आणलेलं, हे दुष्काळाच्या साली दंड घातलेलं. दंड म्हणजे मधला विरलेला भाग कापून टाकून दोन धड तुकडे जोडल्याची शिवण. नऊवारी लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. बैठकीच्या जागी आणि काष्ट्याच्या घड्यांवर आधी विरतं, दोन्ही टोकं धड राहतात. आजीच्या तीन लुगड्यांना असे दंड होते. मुलींना ते माहीतच नव्हतं. आई कायम धडधाकट नेसलेली दिसायची, कारण दंड निऱ्यांत जायचा.

निवड अशी केली. आधी प्रत्येक लुगडं खिडकीसमोर उजेडात धरायचं; विरलेली जागा जाळीसारखी दिसते. मग दोन मुठींत वीतभर अंतरावर धरून आधी उभ्या, मग आडव्या दिशेनं बेतानं ताणायचं. नुसतं ताणलं जातं ते धड. धागे सरकल्याचा बारीक आवाज येतो ते मधलं. चर्र होऊन चिरतं ते गेलेलं. या हिशेबानं ८ धड, ३ मधली, २ गेलेली निघाली. दंडाची तिन्ही मधल्यांत आली.

रेशमी दोन्ही बाजूला काढली. पैठणी किंवा शालूची गोधडी करायचा मोह अलीकडे फार दिसतो, करू नये. जुनं रेशीम घडीवरच चिरतं, आणि जरीची कडक तार आजूबाजूच्या सुताला घासून कापते. शिवाय धुणार कशी? पैठणी वहिनींकडे ठेवायची आणि घरातल्या कुठल्याही मुलीच्या लग्नात नेसायला द्यायची, असं ठरलं. ठेवण्याची रीत: धुऊन खळ काढलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून, पत्र्याला न टेकता, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, आणि तीन महिन्यांनी घड्या बदलून. नारायणपेठ पुण्याला गेली. पातळं सहाही गावातल्याच बायकांना दिली, पण आधी विचारून. गेलेल्या बाईचं नेसायला काहींना चालतं, काहींना नाही. न विचारता दारात गाठोडं ठेवणं हा अपमान होतो.

आता खुंटीवरचं लुगडं. धाकटी मुलगी म्हणाली, ते धुवायचं नाही, त्याला आईचा वास आहे. पुण्याची म्हणाली, काहीतरीच काय. दोघींचंही खरं होतं. न धुतलेल्या कापडातला घाम आणि तेल कालांतरानं पिवळं पडतं, खवट होतं, आणि कसर पहिल्यांदा तिथेच लागते. वास तर वर्षभरही टिकत नाही. मध्यममार्ग वहिनींनी काढला. पदराकडचा हातभर तुकडा कापून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत धाकटीला दिला, बाकीचं धुतलं. त्याच्या उश्यांच्या चार खोळी झाल्या. हा तोडगा सगळ्या घरांत चालेल असं नाही, पण दुःखाशी वाद घालण्यापेक्षा हातभर कापड स्वस्त पडतं.

हिशेब इथून सुरू होतो, आणि तो कापायच्या आधी कागदावर व्हायला हवा.

नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, पन्हा साधारण १.२ मीटर. लांबीचे चार सारखे भाग केले की २.०५ मीटरचे चार पदर मिळतात. म्हणूनच एका लुगड्याची चौघडी होते; एका माणसाला पुरेल एवढी, रुंदीत कुठेही जोड न देता. चौघांच्या घरी चार गोधड्या म्हणजे १६ पदर. सोपा मार्ग प्रत्येक घराला एकेक लुगडं देण्याचा. पण मग एकाला इरकल, दुसऱ्याला साधं, तिसऱ्याला फिकं, आणि पुन्हा तुलना. त्याऐवजी दोन धड लुगडी निवडली, एक हिरव्या काठाचं, एक निळं चौकड्याचं. प्रत्येकाचे चार भाग. चारही गोधड्यांची वरची बाजू हिरव्या काठाची, खालची निळी. आतले पदर आठ हवेत. दंडाच्या तीन लुगड्यांचा विरलेला मधला भाग काढून दोन्ही टोकांचा एकेक, असे सहा. एका पाचवारी धोतराचे दोन. झाले आठ. म्हणजे चारांपैकी दोन गोधड्यांच्या पोटात आजोबाही आले. कुठल्या दोन, ते शिवल्यावर कुणाला सांगता येत नाही. वहिनींनी मुद्दामच खूण केली नाही.

धड आठांतली दोन अशी गेली. चार न कापता ठेवली, दोन मुली आणि दोन सुनांनी एकेक निवडायला. पहिली निवड वहिनींची, मग वयाप्रमाणे. एक बाळाच्या दुपट्यांसाठी. एक राखीव, कपाटात, पुढे ठिगळं लावायला. ही राखीव ठेवायला बहुतेक घरं विसरतात. गोधडी पाच-सात वर्षांनी फाटते तेव्हा त्याच घरचं, त्याच मऊपणाचं कापड हाताशी नसतं. नवं कापड ठिगळाला लावलं तर ते आटतं आणि भोवतालचं जुनं ओढून फाडतं.

इरकली लुगडी वरच्या बाजूला घेतली नाहीत, याला कारण आहे. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर रेशमाचा किंवा नकली रेशमाचा, अंगाला वेगळा जोडून विणलेला असतो. धुण्यात सूत आटतं, पदर तेवढा आटत नाही आणि त्याचा लाल रंग शेजारी उतरतो. पदर काढून टाकला तर लांबीत अर्धा-पाऊण मीटर कमी पडतो आणि गोधडीचा चौथा थर पुरत नाही. ती नेसायलाच बरी.

कापण्याआधी धुणं. रात्रभर थंड साध्या पाण्यात भिजवून खळ उतरवायची, सकाळी पाणी बदलायचं. रंगाची परीक्षा साधी: ओल्या पांढऱ्या फडक्यानं काठ घासायचा, डाग आला तर ते लुगडं वेगळं धुवायचं. मीठ टाकून सुटणारा रंग पक्का होतो ही समजूत आहे. दोन-तीन धुण्यांत सुटायचा तो सुटू द्यावा हेच खरं. ब्लीच अजिबात नको, सूत कुजल्यासारखं होतं. पहिलं धुणं टाळलं तर शिवलेल्या गोधडीत आतले आणि बाहेरचे पदर वेगवेगळे आटतात आणि ती कायमची वाकडी बसते.

शिवण वैशाखात, ओसरीवर. मृगाच्या आत चारही संपायला हव्यात, कारण पावसात गोधडी वाळत नाही आणि ओलसर राहिलेल्या पदरांत बुरशी धरते. खालचा पदर उलटा अंथरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. वरवंटा, खलबत्ता, पितळी डबे. त्यावर एकेक पदर, हातानं मधून कडेकडे सुरकुती काढत. मग कच्ची शिवण, मधल्या ओळीपासून बाहेर, वीत-वीत अंतरावर. ही पायरी शिकाऊ हात हमखास गाळतात. आपल्याकडे पक्का धावदोरा कडेनं सुरू करून चौकोनात फिरत मध्याकडे नेतात. कच्ची शिवण नसेल तर प्रत्येक फेरीत थोडी सुरकुती पुढे ढकलली जाते आणि शेवटी मधोमध बेडकासारखा फुगा येतो. पहिल्या गोधडीला तो आलाच. चार फेऱ्या उसवाव्या लागल्या.

कड इंचभर आत दुमडून पहिली फेरी. पुढच्या फेऱ्या २ सेंटिमीटरवर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढ्या. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. २ मीटर लांब आणि १.१५ मीटर रुंद गोधडीला या अंतरानं सुमारे ११५ मीटर शिवण पडते; गाठी आणि वळणं धरून दीडशे मीटर सुती दोरा. दोरा एका वेळी दोन हातच घ्यायचा. लांब घेतला की गुंततो आणि कापडातून शंभरदा ओढला जाऊन पिंजतो. सुई लांब आणि बारीक. दाभणानं जुन्या कापडाला भोकं पडतात. मधल्या बोटाला अंगुस्तान. दोरा ताणून ओढू नये; ओळी आखडल्या की गोधडीची लांबी कमी होते.

तासाला तीन मीटर धरले तर एका गोधडीला ४० तास. समोरासमोर दोघी बसल्या तर वीस. दुपारचे चार तास, पाच दिवसांत एक, वीस दिवसांत चार. वहिनी रोज होत्याच. बाकीच्या आळीपाळीनं येत-जात राहिल्या. धाकट्यानं कापणं आणि कच्ची शिवण अंगावर घेतली, सुट्टी काढून. हात वेगवेगळे म्हणून टाकेही वेगवेगळे पडले: वहिनींचे एकसारखे, पुण्याच्या मुलीचे लांबट, तिच्या भाचीचे आधी मोहरीएवढे आणि कंटाळा आल्यावर हरभऱ्याएवढे. पुण्याची आपले उसवायला निघाली होती. "वन्सं, राहू द्या, कुणी शिवलं ते कळायला हवं," असं वहिनींनी म्हटलं. तांत्रिक दृष्टीनंही ते बरोबर होतं. जुन्या कापडात एकदा उसवलेल्या भोकांशेजारी पुन्हा सुई घातली की तिथे चीर जाते.

पदर किती असावेत यावर थोडं बोलणं झालं. धाकट्याला आठ पदरी हवी होती, उबदार. चार पदरी कोरडी गोधडी पाऊण ते एक किलोची असते. आठ पदरी त्याच्या दुप्पट, आणि भिजल्यावर त्याहून बरीच जड. फ्लॅटच्या बाल्कनीत ती पिळणार कोण आणि वाळणार कुठे? जी धुववत नाही ती कपाटात जाते. चारच राहिले. थंडी पडली की दोन एकावर एक.

दुपट्यांचं सांगायला हवं, कारण तिथली चूक महागात पडू शकली असती. बाळाला जुन्याच मऊ सुताची दुपटी करायची आपली रीत शहाणपणाची आहे. एका लुगड्याचे ९० सेंटिमीटरचे नऊ तुकडे निघतात. दोन पदरी चार दुपटी आणि एक तुकडा उरतो. पण हे लुगडं डांबरगोळ्यांच्या शेजारचं होतं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं, आणि डांबरगोळ्यांतल्या नॅप्थॅलीनचा वास मुरलेल्या कपड्यांत गुंडाळल्यास अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ झपाट्यानं वाढू शकते. नुसतं उन्हात टाकून भागत नाही. हे लुगडं तीनदा धुतलं, आठवडाभर कडक उन्हात टाकलं, आणि वास पूर्ण गेल्यावरच कापलं. थोडाही वास राहिला असता तर दुपटीच रद्द केली असती. ट्रंकेतल्या गोळ्या त्याच दिवशी काढल्या. दुपटं अंगाखाली ताठ अंथरायला आणि मांडीवर गुंडाळायला. पाळण्यात वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण ठेवू नये.

एका चुलत सासूबाईंनी हळूच म्हटलं की विधवा बाईच्या लुगड्याची दुपटी नकोत. या प्रश्नाचं उत्तर ट्रंकेभोवती बसलेल्यांनी द्यायचं नसतं. नातीला फोन लावला. ती म्हणाली, चारच का, आणखी काढा. उरलेल्या दोन धोतरांचे, तीही तशीच वास जाईपर्यंत धुऊन-वाळवून, तिच्या बाळासाठी लंगोट निघाले. गेलेल्या दोन लुगड्यांच्या पट्ट्या वळून काकडे केले. चोळ्यांच्या खणांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

शिवताना नमुन्याला आजीनं पूर्वी शिवलेली वाकळ समोर ठेवली होती. तिचा एक कोपरा उसवलेला. आत बघितलं तर पोटात आणखी एक जुनी वाकळ, वेगळ्या हाताची, बारीक टाक्याची. विटलेल्या वाकळेवर नवा पदर चढवून पुन्हा शिवायची ही रीत जुनीच. फेकायचं काही नसायचं. आतली बहुधा आजीच्या सासूची असावी. उसवून बघायचा हट्ट मुलांनी केला, वहिनींनी नाही म्हटलं आणि कोपरा टाके घालून बंद केला. आजी मध्याशी आल्यावर शेवटची फेरी न मिटवता दोरा कडेकडे पळवून तिथे गाठ मारायची, हे त्या वाकळेतच दिसलं. कारण साधं आहे: मधली गाठ पाठीला टोचते. चारही गोधड्यांत तसंच केलं.

दोन पावसाळे गेले. ठाण्याची गोधडी पायाकडे फाटली, अंगठ्यानं. धाकट्यानं ती गावी आणली. वहिनींनी राखीव लुगड्यातून हातभर तुकडा कापला, चौकोनी ठिगळ चारही बाजूंनी दुमडून लावलं आणि त्यावरून जुन्याच ओळी पुढे चालवल्या. राखीव लुगड्याच्या घडीत एक चिठ्ठी असते. तिच्यावर आधी ८.२ मीटर लिहिलं होतं. आता ते खोडून ७.७ केलं आहे, आणि पुढे ठाणे.